दादांचे हरीण

माझ्या पुतण्याने अमेरिकेत विस्कॉन्सिनमध्ये हरीण शिजवले आणि त्याचा वास सोलापुरात आमच्या घरी दोन महिने रेंगाळला, असे मी म्हटले तर वाचक हसतील. परंतु झाले ते असेच, आणि त्यात अतिशयोक्ती असलीच तर ती मराठीच्या प्राध्यापकाला शोभेल एवढीच आहे.

नोव्हेंबरचा शेवटचा आठवडा होता. तिकडे त्या सुमारास हरणांच्या शिकारीचा हंगाम असतो. सरकारचा परवाना काढायचा आणि ठरलेल्या दिवसांत ठरलेल्या संख्येनेच शिकार करायची, असा सगळा रीतसर कारभार. ते मांस बाजारात विकता येत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना मात्र वाटता येते. आमच्या पुतण्याला शेजारच्या गृहस्थांनी असेच दीड-दोन किलो आणून दिले. याने ते विजेवर चालणाऱ्या एका जाड चिनीमातीच्या भांड्यात घातले, वर गाजरे, बटाटे, कांदे टाकले, बटण दाबले आणि चिरंजीव कामावर निघून गेले. संध्याकाळी परत येऊन झाकण उघडले आणि फोनवरून ते आम्हांला दाखवले. त्याची संध्याकाळ म्हणजे आमची सकाळ. आम्ही चहा पीत होतो.

"काकू, आठ तास मंद आचेवर ठेवलंय, हात लावावा लागला नाही," तो हिला सांगत होता. त्यावर ही म्हणाली, "तुमच्या घराण्यातल्या पुरुषांना असंच काहीतरी मिळायला हवं होतं."

अण्णा, म्हणजे माझे वडील, खिडकीजवळच्या खुर्चीत बसले होते. वय अठ्ठ्याहत्तर. सारा जन्म पोस्टात कारकुनी केली. आई गेल्यापासून त्यांचे बोलणे कमी झाले होते आणि गेल्या वर्षापासून आठवणही विरत चालली होती. जुनी सोलापुरी चादर विरते ना, तशी. काठ शाबूत आणि मधला भाग झिरझिरीत. लहानपणचे लख्ख आठवे. काल डॉक्टर येऊन गेले, हे आठवत नसे. त्याहून काळजीची गोष्ट म्हणजे त्यांचे जेवण दोन-चार घासांवर आले होते. ही नाना तऱ्हा करून पाही. भाकरी कुस्करून दुधात दे, खिमट कर, पण ते मान फिरवीत.

त्या सकाळी त्यांनी मान फिरवली ती फोनकडे. "कसलं म्हणालास रे?"

"हरणाचं, आजोबा."

"दादा करायचे," अण्णा म्हणाले. "कुकरात. रात्रभर ठेवायचे. सकाळी मांस हाडावरून आपोआप सुटायचं." आणि मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आपण कधी करायचं?"

कित्येक महिन्यांत एवढे सलग बोलणे आम्ही ऐकले नव्हते. मी हो म्हणून गेलो. आजाऱ्याला हो म्हणताना आपण पुढचा विचार करीत नाही. उद्या ते विसरतील, असेही मनात कुठेतरी होते. पण ते विसरले नाहीत. दुसऱ्या दिवशी विचारले, तिसऱ्या दिवशी विचारले. कॉलेजातून आलो की प्रश्न तयार, "हरीण कधी?"

आता हरीण कोठून आणायचे? आपल्याकडे १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला. काळविटाचे नाव त्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. ते मारणाऱ्याला निदान तीन वर्षांची कैद ठरलेली. पण कायद्याचे सोडा. सोलापूरहून बार्शीच्या रस्त्याने वीसेक किलोमीटर गेले की नान्नजचा माळ लागतो. माळढोकासाठी १९७९ साली तिथे अभयारण्य झाले. माळढोक आता दिसेनासाच झाला आहे, परंतु काळविटे आहेत. मी विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेलो आहे. थंडीत सकाळच्या उन्हात वाळलेल्या गवतातून कळप चालताना पाहावा. माद्या नि पाडसे भुऱ्या रंगाची, आणि मध्ये एखादा नर, पाठ काळीभोर, पोट पांढरेशुभ्र, डोक्यावर पीळदार शिंगे. काही कारण नसताना एक उडी मारतो, मग दुसरा मारतो, आणि क्षणभर सगळा कळप जमिनीवर नसतोच. शेजारच्या शेतकऱ्याला विचाराल तर तो वेगळे सांगेल, कारण त्याच्या ज्वारीचे कोवळे कोंब हीच मंडळी खाऊन जातात. त्याचेही खोटे नाही. पण एकदा ती उडी पाहिली की ते जनावर पातेल्यात दिसेनासे होते. निदान माझे तरी झाले.

तेव्हा ठरले असे की बोकडाचे करायचे आणि अण्णांना हरणाचे म्हणून वाढायचे. ठरले म्हणजे मी ठरवले. ही काही बोलली नाही, पण तिचे न बोलणे मला समजते. ज्या माणसाने मी तिसरीत असताना वाण्याने चुकून जादा दिलेले आठ आणे परत करायला मला भर दुपारी चालत पाठवले होते, त्या माणसाच्या ताटात मी खोटे वाढणार होतो. तो माणूस आता विसराळू झाला आहे म्हणून ते खोटे लहान होते का? याचे उत्तर मला दोन महिने मिळाले नाही. मी आपला कुकर शोधू लागलो.

कुकर म्हणजे शिट्टीचा नव्हे. तो माळ्यावर सापडला, मोडक्या पाळण्याच्या मागे. पितळेचा, हातभर उंचीचा नळकांड्यासारखा डबा. आत एकावर एक बसणारी चार भांडी, आपल्या जेवणाच्या डब्यासारखी. तळाशी निखारे ठेवायची जाळीची वाटी. जुन्या पिढीतील वाचक हे चटकन ओळखतील. त्या काळी खोली घेऊन एकटे राहणाऱ्या नोकरदारांचे हे अन्नपूर्णेचे देऊळच होते. कोणी त्याला रुक्मिणी कुकर म्हणत, कोणी इकमिक कुकर. यातला इकमिक निघाला बंगालमध्ये, १९१० साली. काढणारे गृहस्थ इंदुमाधव मल्लिक. ते वकील होते, डॉक्टर होते आणि तत्त्वज्ञानही शिकवीत. एवढ्या विद्या अंगी असलेल्या माणसाला शेवटी भाताचीच चिंता लागावी, हे मला फार आवडते. पुरीच्या जगन्नाथाच्या मुदपाकखान्यात मडक्यांवर मडकी रचून अन्न शिजते, ते पाहून त्यांना ही कल्पना सुचली, असे सांगतात. नावाचीही अशीच गंमत. 'हायजिनिक' आणि 'इकॉनॉमिक' या दोन शब्दांच्या शेपट्या जोडून 'इकमिक' झाले म्हणे. असा समास आमच्या व्याकरणात नाही, पण अर्थ लागतो.

पुतण्याचे विजेचे भांडे याचेच दूरचे भावंड. त्याचे पेटंट अर्व्हिंग नॅक्सन नावाच्या अमेरिकन गृहस्थांना १९४० साली मिळाले. त्यांच्या आईने त्यांना लिथुआनियातल्या गावची गोष्ट सांगितली होती. ज्यू लोक शनिवारी विस्तव पेटवीत नाहीत, म्हणून शुक्रवारी दिवस मावळायच्या आत घेवड्याच्या रश्श्याचे भांडे गावच्या भट्टीत नेऊन ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी गरम गरम घरी आणायचे. कोणाच्या देवाच्या शिस्तीतून, कोणाच्या देवाच्या मुदपाकखान्यातून अशी भांडी निघाली.

आमचे आजोबा, म्हणजे दादा, मात्र ना डॉक्टर ना भाविक. ते इथल्या एका गिरणीत मागावर होते. मागकऱ्याच्या घरी हा साहेबी कुकर कसा, तर गिरणीतले एक विणकाम मास्तर बदलून गेले तेव्हा त्यांनी तो दादांना देऊन टाकला, एवढेच मला ठाऊक होते.

कुकर चिंच-मीठ लावून घासला. आमच्या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना गाठून विचारले की रात्रभर शिजवण्यात असे काय आहे? त्यांनी सांगितले ते माझ्या भाषेत असे. जनावर ज्या अवयवाने फार राबते तिथे, म्हणजे नडगीत, खांद्यात, मांसाला बांधणारे कोलॅजन नावाचे चिवट द्रव्य जास्त असते. भडक आचेवर घाई केली तर मांस आवळते आणि चामड्यासारखे होते. पण पाण्याला उकळी फुटायच्या थोडे अलीकडे, सत्तर-ऐंशी अंशांच्या पुढे त्याला तासन् तास ठेवले की ते चिवट द्रव्य हळूहळू विरघळून त्याचे जिलेटिन होते. तेच रश्श्याला दाटपणा देते. हरणाच्या अंगावर तर चरबी जवळजवळ नसते, म्हणून त्याला ही रीत विशेष मानवते. "म्हणजे जे सर्वांत जास्त राबलं, त्यालाच जास्त वेळ द्यायचा," मी म्हणालो. ते म्हणाले, "तुम्ही मराठीवाले कशाचंही सुभाषित करता." मी गप्प बसलो.

पहिला प्रयोग फसला. खाटिकाला मी म्हणालो, "जरा निबर द्या, नडगीचं." त्याने माझ्याकडे असे पाहिले की त्याच्या उभ्या आयुष्यात कोणी निबर मागितले नसावे. रात्री अंगणात कुकर मांडला, निखारे घातले आणि मी पेपर तपासत बसलो. ज्ञानेश्वरीवरच्या बाराव्या उत्तरपत्रिकेला निखारे विझले असावेत, कारण एकोणिसाव्या उत्तरपत्रिकेला मी उठून पाहिले तेव्हा डबा कोमट होता. शेवटी रात्री साडेबाराला हिने उठून ते शिट्टीच्या कुकरात घातले, आणि गल्लीतली कुत्री जागी झाली. अण्णांना ते वाढायचे धैर्य मला झाले नाही. आम्हीच खाल्ले.

मधल्या काळात माझ्या डोक्यात हरणाने वेगळेच घर केले होते. शब्दांचा धंदा असलेल्या माणसाचे असे होते. संस्कृतात 'मृग' म्हणजे पूर्वी कोणतेही रानटी जनावर. म्हणून तर सिंहाला मृगेंद्र म्हणायचे आणि शिकारीला मृगया. पुढे तो शब्द आकसत आकसत एकट्या हरणावर येऊन बसला. मौज अशी की इंग्रजीतल्या 'डिअर' या शब्दाचेही तसेच. तोही मुळात कोणत्याही जनावराला लागत असे. आणि हरणाच्या मांसाला ते ज्याला 'व्हेनिसन' म्हणतात, त्याचे मूळ लॅटिनमधल्या शिकार करण्याच्या क्रियापदात आहे. म्हणजे व्हेनिसन याचा मूळ अर्थ नुसता 'शिकार'.

इथे मला आजी आठवली. तिच्या बोलण्यात 'मटण' हा शब्द नव्हताच. "आज शिकार हाय" म्हणजे आज घरात मटण आहे. ते खाटकाकडून आणलेले असले तरी शिकारच. बाराव्या शतकातल्या कल्याणीच्या तिसऱ्या सोमेश्वराचा 'मानसोल्लास' मी दर वर्षी वर्गात सांगतो, तो महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या म्हणतात या त्यातल्या उल्लेखासाठी. सोलापूरहून शे-सव्वाशे किलोमीटरवर त्या राजाची राजधानी. त्याच ग्रंथात शिकारीचे सविस्तर प्रकरण आहे आणि मांस कसकसे शिजवावे हेही आहे. ते मात्र मी इतक्या वर्षांत वर्गात कधी सांगितले नव्हते. ओवीपाशी थांबत होतो. आजीच्या 'शिकार' शब्दापाशीही मी असाच थांबलो, पुढे गेलो नाही. पुढे मला अक्काआत्याने नेले.

अक्काआत्या अण्णांची थोरली बहीण. वय ब्याऐंशी, डोळे अधू, बाकी सगळे ठणठणीत. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेला, आमच्या भाषेत गड्ड्याला, ती दर वर्षी येते. नंदीध्वज पाहून, होम मैदानावर चिवडा-भजी खाऊन, मग आठ-पंधरा दिवस राहते. यात्रेचे पाळायचे दिवस संपले तसा मी पुढचा रविवार धरला, आणि शनिवारी रात्री पुन्हा अंगणात कुकर मांडला. या वेळी आत्या शेजारी खाट टाकून बसली. कुकर पाहताच ती उठून जवळ आली होती आणि पितळेवरून तिने हात फिरवला होता.

"निखारं एकदम भरू नगं," ती म्हणाली. "आदी थोडं. मग दोन तासानं थोडं. दादा राखंखाली झाकायचे. आन् शेवटी वाटी भायेर काढून डब्याला चादर गुंडाळायचे. गिरणीतली, फुटकळ माल म्हणून मिळालेली."

तसे केले. कांदा-खोबरे भाजून वाटलेले, आले-लसूण, आपला काळा मसाला, शेंगदाण्याचा कूट अगदी थोडा. नडगीचे तुकडे तळाच्या भांड्यात. थंडी चांगली होती. आत्या बसल्या बसल्या पेंगेल असे मला वाटले, पण अकराच्या सुमाराला ती म्हणाली, "बाळ्याला काय सांगनार हायेस? हरीन म्हनून?"

मी काही बोललो नाही.

"हरीन कधी नव्हतंच रं," ती म्हणाली.

गिरणी बंद पडली होती ते दिवस. पगार नाही, उधारी संपलेली. दादा दिवसभर हमालीला जात. आठवड्यातून एकदा, दिवेलागणीला, खाटिकाचे दुकान आवरायच्या वेळी, लहानग्या अक्काला झाकणाची पितळी देऊन मागच्या दाराने पाठवीत. म्हाताऱ्या शेळीचे, कोणी न घेतलेले, नडग्या, शिरा, हाडे, जे असेल ते दोन आण्यांत मिळे. साध्या चुलीवर ते शिजायचे नाही आणि तेवढे सरपणही नसे. इस्त्रीवाल्याकडून उरलेले निखारे मागून आणायचे आणि रात्रभर कुकरात ठेवायचे. चाळीत कोणाला कळू नये म्हणून आजी मुद्दाम मोठ्याने म्हणे, "आज शिकार हाय."

"बाळ्या चार-पाच वर्साचा. त्यानं इचारलं, कसली शिकार, हरनाची? दादा म्हनले, व्हय, हरनाची. मग काय, दर खेपंला गोष्ट. नान्नजचा माळ, चांदनं, हरीन कसं पळालं, कशी उडी मारली. दादांनी उभ्या जल्मात बंदूक धरली न्हाई. माग धरला."

"आणि तू कधी सांगितलं नाहीस?"

"कशाला सांगू? त्यो गोष्ट ऐकत पोटभर जेवायचा."

"आणि तू?"

"मी बी जेवायची की. भूक लागल्याली."

एवढे बोलून ती आडवी झाली. मी निखाऱ्यांची वाटी काढली, कुकराला चादर गुंडाळली आणि पहाटेपर्यंत तिथेच बसून राहिलो. झोप आली नाही असे नाही. उठावेसे वाटले नाही.

सकाळी झाकण काढले तेव्हा हाडे मोकळी झाली होती आणि रस्सा बोटांना चिकटत होता. मीठ त्या वेळी घातले. हिने ज्वारीच्या कडक भाकरी काढल्या. अण्णांना मध्ये बसवले, एका बाजूला आत्या, समोर मी. वाटी ठेवली. त्यांनी वास घेतला आणि डोळे मिटले. मग माझ्याकडे पाहिले. "हरणाचं?"

रात्रभर मी या प्रश्नाची वाट पाहत होतो, आणि तरीही माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. आत्या मान वर न करता म्हणाली, "शिकार हाय. जेव."

अण्णा जेवले. भाकरी रश्श्यात चुरून, हळूहळू, मध्येच थांबून. एक भाकरी संपली. ही माझ्याकडे पाहत होती आणि मी ताटाकडे. मग त्यांनी नळी उचलली, लहान मुलासारखी चोखली, ताटाच्या कडेला ठेवली आणि बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले.

"अक्के," ते म्हणाले, "दादांच्या हरणाची नळीसुद्धा एवढीच असायची."

आत्याचा हात तोंडाशी थांबला. अधू डोळ्यांनी ती त्यांच्याकडे पाहू लागली. अण्णांच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हते. ते पुढची नळी शोधत होते. पोस्टात चाळीस वर्षे दुसऱ्यांची पत्रे हाताळलेला माणूस. पाकिटात काय आहे हे कळले तरी ते फोडायचे नाही, ही त्यांची शिस्त मला ठाऊक होती. पण ते त्या क्षणी तसे वागत होते, की आठवणीच्या विरलेल्या भागातून सहज काही निसटले होते, हे मला सांगता येणार नाही. आत्यालाही ते विचारायचे धैर्य झाले नाही.

"रस्सा आणखी आहे का?" त्यांनी विचारले. हिने वाढला.

त्या रात्री पुतण्याचा फोन आला. "आजोबा, हरीण जमलं का?"

"जमलं," अण्णा म्हणाले. "तुमच्याकडचं उडी मारतं का रे?"

"मारतं की, आजोबा."

"मग बरं आहे," अण्णा म्हणाले, आणि माळावरच्या चांदण्याची गोष्ट त्यांनी त्याला पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. आत्या खाटेवर पाय घेऊन ऐकत बसली. मी कुकर घासायला अंगणात गेलो.